कौलाला लावलेले तीन कॅमेरे

आमच्या गावात देवीला कौल लावायचा तर फुलाच्या दोन कळ्या, तांब्याभर पाणी आणि गुरव एवढं पुरतं. गेल्या सालच्या कौलाला त्याखेरीज तीन वेबकॅम, एक लॅपटॉप आणि मी लागले.

गाव दिवेआगरच्या जवळ, समुद्राला लागून. वादळात देवीची वाडी झोपली. सुपारी गेली, माड गेले, उरली ती मोकळी जमीन आणि मधोमध विहीर. पुढे चार वर्षं गावात एकच वाद चालला. त्या जागेत पर्यटकांच्या गाड्या लावू द्यायच्या, की पुन्हा सुपारी लावायची? गावात राहणाऱ्यांना गाड्यांची जागा हवी होती, कारण दर दुसऱ्या घरात पाहुण्यांच्या खोल्या आहेत. आमच्याही तीन आहेत, आणि त्या नेमक्या वाडीला लागून आहेत. शनिवार-रविवारी गाड्या रस्त्यात उभ्या राहतात, एसटीला वाट मिळत नाही, ड्रायव्हर हॉर्न वाजवून गाव डोक्यावर घेतो. मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांना सुपारी हवी होती. त्यांना रोज हॉर्न ऐकावा लागत नाही.

माणसांकडून निकाल लागेना, तेव्हा देवीला विचारायचं ठरलं. रीत अशी: गुरव गाऱ्हाणं घालतो आणि पाण्यात बुडवलेल्या दोन कळ्या देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, म्हणजे गाड्या लावा; डावी आधी पडली तर नाही, म्हणजे सुपारी. कधी पाच मिनिटांत पडते, कधी तासभर लागतो. एकदा विचारलेला प्रश्न सालभर पुन्हा विचारायचा नाही.

मुंबईकर म्हणाले, आम्हाला घरबसल्या दिसलं पाहिजे. पहिल्या गाऱ्हाण्यापासून कळी पडेपर्यंत, मध्ये एक सेकंदही न तुटता. दोन्ही खांद्यांवर एकेक कॅमेरा आणि एक कॅमेरा सभामंडपावर. तुटलं तर कौल मानणार नाही.

लाइव्हचं काम माझं. आधी मी टायपिंग आणि कॉम्प्युटरचे क्लास घेत असे. वादळानंतर आणि टाळेबंदीत साखरपुडे, बारशी लोकांना दुरून बघायची वेळ आली, तेव्हा ते शिकले. शिकवणारं कोणी नव्हतं. चुकले, पुन्हा केलं. कोणी विचारलं तर चुका लपवत नसे, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला. तरीही सभेत एकाने शंका काढलीच.

"काकूंच्या खोल्या वाडीलाच लागून हायत. गाड्यांची जागा झाली तर पहिला फायदा कुणाला?"

मी उभी राहिले आणि म्हणाले, "मला गाड्या हव्यात, हे खरं आहे. पण दाखवायचं काम घेतलं तर जे होईल ते दाखवीन. मध्ये तुटणार नाही. हा माझा शब्द."

मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ, माझे भावजी. न्हावा शेव्याला बंदरात नोकरी करतात. ते तिकडून फोनच्या स्पीकरवर सभेला हजर होते. म्हणाले, "वहिनी बोलल्या ना, बस. आपल्याला चालेल. फायनल."

तर पणाला लागला होता माझा शब्द. देवीची वाडी दोन्ही बाजूंनी सांभाळून घेतली असती कोणीतरी. माझ्या शब्दाला मी एकटीच होते.

तयारीला आठ दिवस होते. दोन मोठे कॅमेरे एकाच बनावटीचे होते, तिसरा जुना, लहान. घरी ओटीवर मांडले आणि पहिल्याच दिवशी अडलं. एक मोठा कॅमेरा लावला की चित्र स्वच्छ. दुसरा लावला की पहिला गोठायचा, नाहीतर दुसरा काळा पडायचा. आधी मला वाटलं, एकसारखे असल्यामुळे लॅपटॉप त्यांच्यात गफलत करतोय. मग वाटलं, मीटिंगचं दुसरं एखादं ॲप मागे उघडं राहून कॅमेरा धरून बसलंय. एक कॅमेरा एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो, दुसऱ्याने मागितला की नुसता काळा चौकोन. सगळी ॲप बंद केली. वीज वाचवायला लॅपटॉप आपल्याआपण यूएसबी झोपवतो, ते बंद केलं. वायरी बदलल्या. तरी तेच.

तिसऱ्या दिवशी उलगडलं. लॅपटॉपला कॅमेरे जोडायची तीन भोकं होती, दोन डाव्या अंगाला, एक उजव्या. डावीकडची दोन दिसायला वेगळी, पण आत एकाच वाटेला जोडलेली. दोन मोठे कॅमेरे तिथे लावले की दोघांची चित्रं त्या एका वाटेत मावत नाहीत. एक मोठा डावीकडे, दुसरा मोठा उजवीकडे आणि तो लहान कमी दर्जावर ठेवून डावीकडच्या उरलेल्या भोकात, असं केलं आणि तिन्ही चित्रं सुरळीत चालायला लागली. चार तास सलग चालवून पाहिली.

मला झालेला आनंद कोणाला तरी सांगायचा होता, आणि नवरा समोर बसून नारळ सोलत होता. त्याला म्हटलं, "अहो, हे अगदी वाडी शिंपण्यासारखं आहे. एका पाटावर दोन आळी एकदम फोडली तर काय होतं?"

"शेवटच्या झाडाला थेंब न्हाय पोचत."

"तसंच. डावीकडे एकच पाट आहे. दोन मोठे कॅमेरे तिकडे गेले की संपलं."

"म्हणजे ही वायर इकडे आणि ती तिकडे झाली तर?"

"तर देवीचे दोन्ही खांदे गेले."

त्याने मान डोलावली. जन्मभर वाडीला पाणी लावलेला माणूस, पटकन समजला. मला बरं वाटलं. माझ्या कामात त्याने एवढं लक्ष घातल्याचं मला आठवत नव्हतं.

एक चूक माझी झाली, ती इथेच लिहिते. तिन्ही वायरी काळ्या, टोकं सारखी. त्यांना रंगाच्या खुणा करायला हव्या होत्या. मला पाठ होतं, म्हणून केल्या नाहीत.

कौलाच्या दिवशी सकाळी नऊला देवळात मांडामांड झाली. टेबल खांबाच्या मागे, कोपऱ्यात लावलं, लोकांच्या पायांत वायरी येऊ नयेत म्हणून. तिन्ही वायरी चिकटपट्टीने एकत्र बांधून कापडाखालून नेल्या. गाभाऱ्याजवळ नेट येईना, म्हणून वायफायचा डबा बाहेर पायरीवर ठेवला. नवऱ्याला टेबलाशी खुर्ची दिली आणि सांगितलं, "वायरीला कोणाचा पाय लागू देऊ नका." तो म्हणाला, "तू निश्चिंत राहा."

साडेअकराला लाइव्ह सुरू झालं. मुंबईकडची बरीच माणसं बघत होती, खाली नमस्काराची चिन्हं पडत होती. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले, कळ्या लागल्या. मंडपात शंभरएक माणसं, पण चिडीचूप.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. नवरा माझ्या कानाशी आला. "बाहेरच्या डब्याचा दिवा लाल झालेला दिसतोय. नेट जाईल, बघून ये." मी माणसांमधून वाट काढत बाहेर गेले. दिवा हिरवा होता. मनात आलं, गेलं असेल आणि परत आलं असेल. तरी मिनिटभर उभी राहून खात्री केली. परत येते तर उजव्या खांद्याचं चित्र गोठलेलं, डाव्याचा चौकोन काळा. फक्त मंडपाचं चित्र हलत होतं.

"काय झालं?"

"मला काय ठाऊक? बसल्या बसल्या गेलं," नवरा म्हणाला.

मी भोकं पाहिली. तिन्ही भरलेली. कॅमेऱ्यांचे दिवे पेटलेले. प्रोग्रॅम बंद करून उघडला, तेच. टेबलाखाली शिरून सगळी वायर हाताने चाचपत गेले, कुठे पाय पडलाय का, सांधा सुटलाय का. काही नाही. वर येऊन शेवटचा उपाय केला, दोन्ही मोठ्या कॅमेऱ्यांचा दर्जा निम्म्यावर आणला. पुन्हा वाकून सांधे दाबत होते, तेवढ्यात मंडपातून एकदम "उजवा! उजवा!" असा गलका उठला. डोकं वर काढलं तेव्हा दोन्ही चित्रं परत आली होती. डाव्या खांद्यावर कळी होती. उजव्या खांद्यावर ओला डाग होता आणि कळी खाली पडलेली.

मध्ये अकरा मिनिटं गेली होती.

मुंबईचे फोन लगेच सुरू झाले. अकरा मिनिटांत कोणीही बोट लावलं असेल, कौल मान्य नाही. गावातले वेगळेच भडकले, कारण कौल त्यांच्या बाजूचा लागून फुकट गेला. देवस्थानच्या कमिटीतले एक म्हातारे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "काकू, देवी जागी व्हती. तुमचा क्यामेरा निजला काय?" लोक हसले. दुसरा कोणी म्हणाला, "बाईमाणसाच्या हाती मशीन दिली, हे व्हनारच." आणि तिसरा आवाज माझ्या नवऱ्याचा. "मी घरी म्हटलंच होतं, हे काम शहरातल्या माणसाचं हाय."

असं त्याने घरी कधीही म्हटलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो वायरी गुंडाळत होता. मला वाटलं, घाबरलाय, लोकांपुढे काहीतरी बोलून गेला. त्याने सगळ्या वायरी काढून पिशवीत भरल्या आणि पिशवी स्वतः उचलून घरी आणली. मी त्याबद्दल त्याचे आभारही मानले.

पुढचे चार दिवस मी दोष शोधत होते. पाहुण्यांचं जेवणखाण उरकलं की ओटीवर तीन कॅमेरे मांडायचे. तासन् तास चालवायचे. गोठत नव्हते. लॅपटॉप तापला की होतं का, म्हणून उन्हात ठेवून पाहिला. वीज गेली-आली की होतं का, म्हणून मेन स्विच बंद-चालू केला. वायर हलवली, वाकवली, पिळली. एकदाही गोठलं नाही. न होणारा दोष शोधण्यासारखं दुसरं वाईट काम नाही. रोज नवरा चहा आणून द्यायचा आणि विचारायचा, "सापडलं का काही?" मी म्हणायचे, "नाही." तो म्हणायचा, "जाऊ दे. मशीन हाय. कधी चालते, कधी न्हाय."

पाचव्या दिवशी मला नोंदवही आठवली. लॅपटॉप एक नोंदवही ठेवत असतो. कोणती वस्तू कधी जोडली, कधी काढली, कोणत्या भोकात होती, सगळं वेळेसकट. सहसा कोणी ती उघडत नाही. मी उघडली. अकरा पंचेचाळीसला डाव्या खांद्याचा कॅमेरा उजव्या अंगाच्या भोकातून काढल्याची नोंद होती. त्याच मिनिटाला लहान कॅमेरा डावीकडच्या भोकातून काढलेला. काही सेकंदांनी दोन्ही परत जोडलेले. फक्त जागा बदलल्या होत्या. लहान उजवीकडे, मोठा डावीकडे, दुसऱ्या मोठ्याच्या शेजारी.

मी तीन वेळा वाचलं. पाय लागला तर वायर निघते. निघून दुसऱ्या भोकात जाऊन बसत नाही.

अकरा पंचेचाळीसला मी पायरीवर उभी राहून हिरवा दिवा बघत होते. टेबलाशी एकच माणूस होता. आणि कोणती वायर कुठे गेली की काय होतं, हे गावात दोघांनाच माहीत होतं, कारण मी ते एकालाच शिकवलं होतं.

तो मागच्या पडवीत सुपाऱ्या निवडत होता. मी लॅपटॉप समोर ठेवला. त्याला ते वाचता येणार नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. तो निवडत राहिला. मग म्हणाला, "डावा लागला असता तर?"

"मग डावा."

"मग चाकरमान्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं असतं. चित्रच हाय म्हटल्यावर बोलायला जागा राहते काय? तुटलेलं असलं तर आपण गावातल्या गावात काहीतरी करून..."

"पण उजवा लागला."

"ते मला काय ठाऊक होतं?"

मी विचारलं, "आणि चार दिवस मी उन्हात लॅपटॉप घेऊन बसले ते?"

त्याने हातातली सुपारी टोपलीत टाकली. मग म्हणाला, "तुला सापडेल असं वाटलं न्हाय."

मला जे लागलं ते हे वाक्य. वायर त्याने भीतीपोटी काढली, एवढं मी समजू शकते. मलाही गाड्यांची जागा हवी होती. देवीचं उत्तर आपल्याच बाजूचं येणार होतं आणि त्याने तेवढी वाट पाहिली नाही, हा त्याचा आणि देवीचा प्रश्न. पण मी सांगितलेली गोष्ट त्याने माझ्याच विरुद्ध वापरली, माझ्या मूर्खपणावर लोक हसले तेव्हा त्यात भर घातली आणि नंतर रोज येऊन, मला कळलं तर नाही ना, हे तपासत राहिला. मी समजत होते, चौकशी करतोय.

"रविवारी सभा हाय," तो म्हणाला. "मशीनच म्हण. मशीनला कसली लाज?"

"आणि मला?"

"तुझं लोक विसरतील. माझं न्हाय विसरायचे."

रविवारी देवळातल्या सभेला अध्यक्ष भावजी स्वतः गाडी घेऊन आले. गाडी अर्थात रस्त्यातच लावली, आणि एसटीवाल्याने हॉर्न वाजवल्यावर सभा मोडून ती काढायला गेले. लोक त्यावरही हसले. परत येऊन ते माझ्याकडे वळले.

"वहिनी, सीधी बात. मंडळात लोक काय काय बोलतायत, मी बोलून दाखवत नाही. दोष मशीनचा का माणसाचा?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला संधी द्यायची होती, असं म्हणणार नाही. तो काय बोलतो ते मला बघायचं होतं. "तुम्ही टेबलाशी होतात, तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

तो उठला. घसा खाकरला. "मशीनच. हिने बिचारीने चार दिवस शोधलं. सापडलं न्हाय." बिचारी म्हणाला आणि बसला.

मग मी सांगितलं. वेळ सांगितली, भोकं सांगितली, मला बाहेर कोणी पाठवलं ते सांगितलं. लॅपटॉप भावजींसमोर ठेवला. त्यांच्याबरोबर आलेल्या एकाला त्यातलं कळत होतं, त्याने वाचून मान हलवली. कोणी हसलं नाही. कमिटीचे म्हातारे माझ्या नवऱ्याला एवढंच म्हणाले, "आरं, देवीच्या म्होरं?" तो खाली बघत राहिला.

भावजींनी वही उघडली. मग म्हणाले, "ठीक. एक काम करू. कॅमेऱ्याचं सोडा. वहिनी, तुम्ही स्वतः तिथे होतात. उजवी कळी आपसूक पडली, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं? बघितलं असेल तर मंडळ तुमच्या शब्दावर कौल मानेल. मी लिहून देतो."

सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला. गावातल्या बायका नजरेनेच हो म्हण म्हणत होत्या. नवऱ्यानेही मान वर केली. शंभर माणसांनी पाहिलं होतं, उजवाच लागला होता, मलाही त्यात शंका नव्हती. आमच्या खोल्यांपुढची जागा, गावाची भांडणं, त्याची अब्रूही थोडीफार, सगळं एका होकाराने सुटत होतं.

"नाही," मी म्हणाले. "कळी पडली तेव्हा मी टेबलाखाली वायर शोधत होते. मी पाहिलं नाही."

कोणीतरी कपाळावर हात मारला. भावजींनी वही मिटली. "मग विषय संपला. सालभर थांबा," ते म्हणाले. निघताना दारात क्षणभर थांबून म्हणाले, "पुढच्या वेळी पण लाइव्ह तुम्हीच करा. मंडळाला मी सांगतो."

गाव माझ्याशी महिनाभर तुटक वागलं. एक बाई विहिरीवर म्हणाली, "एवढं खरं कशाला बोलायचं माणसाने?" माझी घागर भरली होती, ती उचलून मी निघाले.

घरी आम्ही बोलतो. पाहुणे किती, मासळी काय आणायची, गॅस कधी संपेल. त्याने माफी मागितली नाही, मीही ती मागायला लावली नाही. लग्नाचं काम असलं की तो विचारतो, येऊ का मदतीला, आणि मी म्हणते, नको, फार काम नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपला पासवर्ड लावला. पंचवीस वर्षांच्या संसारात मी घरातल्या कशालाही त्याच्यापासून कुलूप लावलं नव्हतं. पासवर्डने कोणी वायर काढायचं थांबत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरी लावला. त्याने पाहिलं आणि विचारलं, "मला सांगशील ना?"

मी कॅमेरे पुसत होते. पुसून झाले, पेटीत ठेवले आणि खोल्यांच्या चादरी काढायला गेले.